नांगराची निशाणी आणि यंत्रावरील अंगठा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें एक लहानसें गांव आहे. सूर्याजीपंत ठोसरांचा धाकटा पुत्र नारायण येथें १६०८ सालीं रामनवमीच्या दिवशीं जन्मास आला आणि पुढें रामदास या नांवानें सर्व महाराष्ट्रास पूज्य झाला. म्हणून लोक या गांवास जांब समर्थ म्हणतात. वाचकांपैकीं पुष्कळांनीं येथील श्रीरामाचें दर्शन घेतलें असेल, आणि ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेल्या मुलाची कथा तर घरोघर ठाऊक आहे. परंतु ठोसरांच्या घराविषयींची दुसरी एक गोष्ट, जी चरित्रकार एका वाक्यांत सांगून पुढें जातात, तीच आज आम्हांस विचारांत पाडते. हें घराणें कुळकर्ण्याचें होतें.

कुळकर्णी म्हणजे कोण हें आजच्या पिढीस समजावून सांगावें लागेल. कोणत्या शेताचा धनी कोण, त्याचा बांध कोठवर, सारा किती, बाकी किती, कोण वारला आणि त्याच्या मागें कोणाचें नांव लावावें, हें सर्व मोडी अक्षरांत टिपून ठेवणारा तो गांवचा वतनदार लेखक होय. पाटलाच्या हातीं गांवची सत्ता असे, कुळकर्ण्याच्या हातीं गांवची स्मृति असे. हें दप्तर सरकारी कचेरींत नसे. तें कुळकर्ण्याच्या घरीं रुमालांत बांधून ठेविलेलें असे, आणि वतन जसें बापाकडून मुलाकडे जाई तसें तेंही जाई. स्वतःच्या शेताविषयीं काय लिहिलें आहे तें पाहण्याचा हक्क शेतकऱ्यास होता काय, हा प्रश्न त्या काळीं बहुधा कोणाच्या मनांतही आला नसेल, कारण पाहूनही त्यास वाचतां येत नव्हतें. चांगला कुळकर्णी गांवाचा आधार असे. आणि वाईट लेखकाकरितां भाषेनें ‘कलमकसाई’ असा एक शब्द घडवून ठेविलाच आहे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत या लेखणीवरही आसूड ओढण्यास कमी केलें नाहीं.

समर्थ बाराव्या वर्षीं घर सोडून गेले, तेव्हां बापाच्या दप्तराचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल याविषयीं तर्क करण्यांत अर्थ नाहीं. तथापि दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथांत कागद, शाई, लेखणी, अक्षराचें वळण आणि ओळींची सरळता यांची इतकी बारीक चौकशी पाहून नव्या वाचकास नवल वाटतें. सबंध पोथी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टांकानें उतरली आहे असें दिसावें, एवढी त्यांची अपेक्षा! छापखाना नव्हता त्या काळीं ग्रंथाचें आयुष्य नकलकाराच्या शिस्तीवर अवलंबून होतें हें त्यांनीं ओळखलें होतें. ग्रंथाची गोष्ट ती शेताच्या नोंदीचीही. फरक इतकाच कीं पोथींतला अपपाठ विद्वानांस चर्चेला विषय देतो आणि दप्तरांतला अपपाठ एखाद्या कुटुंबाची भाकरी हिरावून नेतो.

आज तें दप्तर रुमालांतून निघून संगणकांत गेलें आहे. त्याच्याबरोबर आपला अंगठा, आपला चेहरा, आपला आवाज, आपण कोणाशीं काय बोललों हेंही सर्व यंत्राच्या उदरांत गेलें आहे. या नव्या यंत्रांपुढें नागरिकाच्या हक्कांचें काय होणार आणि कायदा त्यांस कसा पुरा पडणार, हा प्रश्न सर्व जगापुढें आहे. युरोपीय संघानें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०१६ सालीं केला व २०१८ पासून तो अंमलांत आणला. आपल्याकडील विद्वान या विषयावर बोलूं लागले म्हणजे बहुधा तेथूनच आरंभ करितात. आमच्या मतें इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. लिहिणारा एक आणि ज्याच्याविषयीं लिहिलें तो दुसरा, आणि दुसऱ्यास पहिल्याचें लिखाण वाचतां येत नाहीं, ही अडचण महाराष्ट्रास पूर्वीच भोगावी लागली आहे, आणि तिजवर येथें कायदाही झाला आहे. त्याकरितां जांब थोडा वेळ सोडून पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं जावें लागेल. जांब तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, सुपें इंग्रजांच्या.

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. त्या दिवशीं शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. आश्चर्य हें कीं माणसांस फारशी इजा झाली नाहीं. जमावाचा सारा रोख कागदांवर होता. कर्जरोखे, वह्या, हुकूमनामे रस्त्यावर आणून त्यांची होळी केली. पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांव हेंच घडलें. विलायती अधिकाऱ्यांस हा अडाणीपणा वाटला असेल, पण त्या शेतकऱ्यांस आपला शत्रु कोण हें नेमकें कळलें होतें. पूर्वींचा सावकार गांवच्या भिडेंत वागे, कारण वसुलीसाठीं त्यास गांवाचेंच साहाय्य लागे. नव्या दिवाणी न्यायालयांत गांवाची भीड चालत नव्हती, तेथें रोखा बोलत होता. आणि रोख्यावर काय लिहिलें आहे हें न वाचतांच कुणब्यानें त्याच्या खालीं नांगराची निशाणी केलेली असे. त्यांत भर पडली ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची. रोखा तीन वर्षांनीं निर्जीव व्हावा, म्हणजे जुन्या कर्जाचें भूत मानगुटीस बसणार नाहीं, असा त्या कायद्याचा सद्हेतु होता. सावकारानें दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पाडला, आणि दयेचा कायदा चक्रवाढीचें साधन बनला.

सरकारनें चौकशीमंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यांतील तीन गोष्टी आम्हांस आजही वाखाणण्याजोग्या वाटतात. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्तऐवज गांवनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा. कर्जदारास हिशेब व पावती मागण्याचा हक्क असावा. आणि न्यायाधीशानें रोख्यावरील आंकडा हा शेवटचा शब्द न समजतां त्याच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार काय होता तें शोधावें. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. कागद म्हणतो म्हणून खरें, या श्रद्धेस त्या कायद्यानें प्रथम धक्का दिला. कायदा निर्दोष नव्हता आणि सावकारानें त्यांतूनही वाटा काढल्या हें खरें. पण होळी पेटल्यावर चार वर्षांनीं कां होईना, दुखणें कोठें आहे हें त्यानें बरोबर हेरलें होतें.

इकडे मोंगलाईंत जांबच्या शेतकऱ्याची स्थिति आणखी बिकट होती. गांवचें दप्तर मोडींत, आणि वरची कचेरी प्रथम फारशींत व गेल्या शतकापूर्वींच्या, म्हणजे एकोणिसाव्या, शतकाच्या नवव्या दशकापासून उर्दूंत. मग मराठी बोलणाऱ्यानें आपला हक्क कोणत्या अक्षरांत शोधावा? मुंबई इलाख्यांत जमिनीच्या हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला. हैदराबाद संस्थानांत जमीनमहसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, पण हक्कनोंदणीचा विनियम १३५८ फसलीचा, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपल्यानंतरचा. केवळ राज्याच्या सीमेमुळें जांबकरांस पुणेंकरांच्या मागें सुमारें पंचेचाळीस वर्षें राहावें लागलें. पुढें मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेनें सर्व मराठी मुलुखास एक नियम लागला. गांवनमुना सात आणि गांवनमुना बारा मिळून होणारा ‘सातबारा’ हा उतारा तेव्हांपासून शेतकऱ्याची जन्मपत्रिका होऊन बसला आहे.

या संहितेंतील दोन कलमें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. फेरफार नोंदवितांना तलाठ्यानें त्याची प्रत चावडींत लावावी, हितसंबंधी मनुष्यांस लेखी कळवावें, आणि कोणाची हरकत आली तर ती नोंदवून तिची चौकशी व्हावी, असें दीडशेंवें कलम सांगतें. आणि एकदां प्रमाणित झालेली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असें एकशें सत्तावन्नावें कलम सांगतें. पहिलें कलम नागरिकाचें संरक्षण करितें, दुसरें दप्तराचें. पहिलें नीट पाळलें तरच दुसऱ्यास नैतिक आधार राहतो.

संगणकावर सातबारे चढविण्याचें काम सुरू झालें तेव्हां हेंच नातें बिघडण्याचा प्रसंग आला. इलेक्ट्रॉनिक लेखास व स्वाक्षरीस कायद्याची मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालाच होता. प्रश्न मान्यतेचा नव्हता, नकलेचा होता. हस्तलिखित वहींतील लक्षावधि ओळी कोणी तरी यंत्रावर टंकित करावयाच्या, आणि टंकितांना एक काना गळाला, एक आणा-पै चुकला, एक वारस वगळला, तर तो फेरफार नव्हे, म्हणून त्याची नोटीस नाहीं, म्हणून हरकतही नाहीं! आणि यंत्रांतून निघालेला कागद इतका स्वच्छ व सुबक कीं त्यावर अविश्वास दाखविणारास लोक वेडा म्हणतील.

अशा वेळीं शासनानें २०१७ सालीं जो उपाय योजला तो आम्हांस फार आवडला. गांवोगांव दवंडी देऊन संगणकीय सातबाऱ्यांचें चावडीवाचन करविलें. तलाठी वाचतो आहे आणि गांव ऐकतो आहे: अमुक गट, अमुक क्षेत्र, अमुक खातेदार. ज्यास अक्षर येत नाहीं त्यासही कान आहेत, आणि शेजाऱ्याच्या शेताचा इतिहास तर गांवास स्वतःच्या शेताहून अधिक पाठ असतो. चुका निघाल्या, त्या टिपल्या गेल्या आणि पुढें दुरुस्त करण्याची सोय झाली. १ मे २०१८ रोजीं डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस मिळूं लागला त्यापूर्वीं हें घडलें हें बरें झालें. सर्वत्र तें सारख्याच मनापासून झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. कांहीं ठिकाणीं ऐकावयास पांचदहा मंडळीच होतीं अशी तक्रार आम्हीं ऐकली आहे. तरीही अत्याधुनिक यंत्राची परीक्षा घेण्यास चावडीसारखी प्राचीन संस्था उपयोगी पडली, हें आमच्या इतिहासकारांनीं टिपून ठेवावें.

आमच्याच घरचें एक उदाहरण सांगतों. गांवाचें व कचेरीचें नांव येथें नको. आमच्या आजोबांच्या मागें जुन्या वहींत तीन मुलगे व एक मुलगी अशीं चार नांवें होतीं. संगणकाच्या उताऱ्यांत तीनच उतरलीं. आत्या सासरीं दूर, तिला चावडीवाचनाची वार्ताच नाहीं. कळलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, ‘‘अरे, वहीला ठाऊक होतें मी आहे म्हणून.’’ लेखनप्रमादाची दुरुस्ती करण्याकरितां संहितेंत एकशें पंचावन्नावें कलम आहे, आणि जुन्या पानाची खरी नक्कल हातीं लागल्यावर दुरुस्ती झालीही. परंतु त्यास चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत भावांपैकीं कोणीं जमीन विकली असती तर? विकली नाहीं, याचें श्रेय आमच्या घरच्या माणसांस आहे, यंत्रास अथवा कायद्यास नाहीं.

नांगराच्या निशाणीची जागा पुढें अंगठ्यानें घेतली. ही विद्या विलायतेहून आली असा समज आहे, पण तिचें बाळपण आपल्याच देशांत गेलें. १८५८ सालीं बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं ठशांच्या वर्गीकरणाचें गणित बसविलें. दहा वर्षांच्या आंत हीच विद्या दक्षिण आफ्रिकेंत हिंदी लोकांच्या मानगुटीवर बसली. ट्रान्सव्हालमधील हिंदी माणसानें बोटांचे ठसे देऊन परवाना जवळ बाळगावा, या कायद्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या सभेंत जी शपथ घेतली गेली तींतूनच सत्याग्रह जन्मास आला. गांधीजींनीं १९०८ च्या तडजोडींत स्वेच्छेनें ठसे दिले, आणि सरकारनें शब्द फिरविला असें दिसतांच त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें परवान्यांची होळी केली. म्हणजे त्यांचा विरोध शाईस नव्हता, सक्तीस होता. सुप्याच्या आणि जोहान्सबर्गच्या होळ्यांत तेहतीस वर्षांचें अंतर आहे, आणि दोन्हींत जळाला तो कागदच.

आधार क्रमांकाचा आरंभही महाराष्ट्रांतच झाला. नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं पहिला क्रमांक एका स्त्रीस देण्यांत आला. त्याविषयींचा कायदा संसदेनें केला मार्च २०१६ मध्यें. मधल्या साडेपांच वर्षांत कोट्यवधि लोकांचे अंगठे व डोळे यंत्रांत गेले ते केवळ कार्यकारी हुकमावर! १८७५ च्या परक्या सरकारास कायदा करण्यास चार वर्षें लागलीं म्हणून आपण हंसावें, अशी आपली स्थिति नाहीं.

न्यायालयानें मात्र या बाबतींत लक्षणीय कामगिरी केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं एकांताचा, खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. त्यांतील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांचें. त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड हे १९७६ सालीं, आणीबाणींत स्थानबद्धांस न्यायालयाचें दार ठोठावतां येणार नाहीं असें म्हणणाऱ्या बहुमतांत होते. तो निकाल चुकीचा होता असें चिरंजीवांनीं याच निकालपत्रांत स्पष्ट लिहिलें. पित्याच्या लेखणीची चूक पुत्राच्या लेखणीनें दुरुस्त व्हावी, असे प्रसंग इतिहासांत थोडे. पुढील वर्षीं २६ सप्टेंबरला आधारचा कायदा चार विरुद्ध एक मतानें टिकला. तो एक म्हणजे पुनः हेच चंद्रचूड. खाजगी कंपन्यांनीं आधारची सक्ती करण्याची वाट मात्र बंद झाली, आणि ठसा जुळला नाहीं म्हणून पात्र मनुष्यास धान्य नाकारूं नये असेंही बहुमतानें मानलें.

न्यायालयाचें हें मत जालना-बीडकडील ऊसतोड कामगारांपर्यंत पोंचतें तेव्हां त्याची खरी कसोटी असते. सहा महिने कोयता चालविलेल्या हाताच्या बोटांवरील रेषा झिजून जातात, आणि स्वस्त धान्याच्या दुकानांतील यंत्र त्या बोटास ओळखत नाहीं. दुकानदार ओळखतो, शेजारी ओळखतात, गांव ओळखतें; यंत्र ‘पुनः प्रयत्न करा’ म्हणतें. नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्यास रोखा वाचतां येत नव्हता. त्याच्या पणतवास यंत्र वाचूं शकत नाहीं.

भाषणस्वातंत्र्याच्या बाजूनें थोडक्यांत सांगावयाचें तर तेथेंही पहिली ठिणगी आपल्याकडेच पडली. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयीं फेसबुकवर चार शब्द लिहिल्याबद्दल एका तरुणीस, आणि ते आवडल्याचें दर्शविल्याबद्दल तिच्या मैत्रिणीस, पालघर येथें अटक झाली. ज्या सहासष्ट-अ कलमाचा त्या काळीं असा सर्रास उपयोग होत होता तें सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. तरीही त्याच रद्द कलमाखालीं पोलीस गुन्हे नोंदवीत आहेत हें पाहून जुलै २०२१ मध्यें न्यायालयानें विस्मय प्रकट केला. कायदा मेला तरी छापील तक्त्यांत तो जिवंत राहतो, हाही दप्तराचाच महिमा! अलीकडे यंत्रानें गायकाचा हुबेहूब आवाज काढण्याची कला साधली आहे, आणि आशा भोसले यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तात्पुरता मज्जाव केला. कीर्तिमंतास उच्च न्यायालय गांठतां येतें. सामान्य गृहिणीच्या आवाजांत तिच्या मुलास कोणीं फसविलें तर ती कोठें जाणार?

व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा अखेर ऑगस्ट २०२३ मध्यें झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेविली. आपल्याविषयीं काय लिहिलें आहे तें विचारण्याचा, चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा आणि काम संपल्यावर पुसून टाकविण्याचा हक्क या कायद्यानें नागरिकास दिला. सुप्याच्या शेतकऱ्यानें हेंच मागितलें असतें. माहिती सांभाळण्यांत हयगय करणारास अडीचशें कोटींपर्यंत दंड आहे. परंतु सरकारास वाटेल त्या आपल्या खात्यास त्यांतून मोकळें ठेवण्याची मुभाही त्यांतच आहे, आणि सर्वांत मोठें दप्तर तर सरकारचेंच! शिवाय याच कायद्यानें २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यांतील एक कलम बदललें. पूर्वीं व्यक्तिगत माहितीसुद्धां सार्वजनिक हितासाठीं देण्याची अट त्या कलमांतच होती. ती आतां तेथून गेली आहे. व्यापक हिताचें दुसरें उपकलम शिल्लक आहे हें खरें, पण नाहीं म्हणूं इच्छिणाऱ्या अधिकाऱ्यास आतां अधिक सोपें झालें. ज्या महाराष्ट्रांत अण्णा हजारे यांच्या चळवळीनंतर केंद्राच्याही आधीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, त्या महाराष्ट्रांत याविषयीं इतकी सामसूम असावी याचें आम्हांस वाईट वाटतें. शेतकऱ्याची माहिती झांकण्याकरितां विणलेल्या वस्त्राखालीं कुळकर्ण्यानें आपलें दप्तर लपवावें, असें होतां कामा नये.

२०२३ च्या सप्टेंबरांत घनसावंगीच्या शेजारच्या अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी हें गांव सर्व महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. मराठा समाजाच्या मागणीवरून निजामकाळांतील कुणबी नोंदी शोधण्याकरितां निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली. आरक्षण कोणास असावें हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु त्या शोधाकरितां शंभर वर्षांचे रुमाल सुटले, मोडी व उर्दू जाणणाऱ्या वृद्धांस एकाएकीं मान आला, आणि सांपडलेल्या पानांच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढूं लागल्या. कोणा लेखकानें घाईंत टांकलेला एक शब्द आज पणतवाच्या शिक्षणाचा प्रश्न सोडवितो. आणि ज्या गांवचें दप्तर वाळवीनें खाल्लें, तेथील पणतवास तो शब्द होता किंवा नव्हता हेंही कळत नाहीं.

अशाच एका तालुक्याच्या ठिकाणीं आम्हीं एक मोडीवाचक पाहिले. वय सत्तरीच्या पुढें. एक तरुण आपल्या मोबाइलवर पणजोबांच्या नांवाचें पान घेऊन आला होता. वृद्धानें चष्मा वर केला, पडद्यावरील अक्षर दोन बोटांनीं मोठें करावयास सांगितलें. तें मोठें झालें, आणखी मोठें झालें, शेवटीं काळे चौकोनच दिसूं लागले. शाई जेथें तुटली होती तेथें यंत्रानेंही ती जोडली नव्हती. वृद्धानें फोन परत दिला आणि मूळ रुमाल कोणत्या कचेरींत आहे तें विचारलें. तरुणास तें ठाऊक नव्हतें. पानाच्या कोपऱ्यांत गांवाचें नांव होतें, सालही होतें. रुमालाचा क्रमांक टिपण्यास मात्र कोणास सुचलें नव्हतें.